तिळाएवढ्याचा घास

हे मनन जेवणाआधी करायचं आहे. पोटात थोडी भूक असावी, ताट अजून वाढलेलं नसावं आणि हाताशी अर्धा तास मोकळा असावा. स्वयंपाकघरातल्या डब्यातून एक तीळ घ्या. तळहातावर ठेवा आणि खिडकीजवळ जाऊन बसा.

तिळाकडे थोडा वेळ नुसतं पाहा. लांबी तीनेक मिलिमीटर. एक टोक निमुळतं, दुसरं गोलसर. आता त्याचा रंग मनातून पुसून टाका आणि तो काचेसारखा आरपार दिसतोय असं समजा. गोलसर टोकाला दोन मिशा फुटू द्या. त्या दोन्ही बाजूंना सरळ पसरलेल्या, अंगाएवढ्याच लांब, आणि त्यांवर बारीक केस. पोटाखाली वल्ह्यांसारख्या पायांच्या जोड्या. तोंडापाशी आणखी काही अवयव, तेही केसाळ, सतत हलणारे. डोक्यात मधोमध एकच लाल ठिपका. तो डोळा. त्याला आकार दिसत नाहीत, फक्त उजेड आणि अंधार कळतो. आणि पारदर्शक अंगाच्या आत, पाठीलगत, तेलाचा एक लांबट थेंब. त्या थेंबाकडे आपण नंतर येऊ.

हा कॅलेनस फिनमार्किकस. कोळंबी, खेकडा आणि आपला जवळा ज्या कवचधारी प्राण्यांत मोडतात, त्यांचाच हा लांबचा भाऊबंद. त्याच्या गटाला कोपेपॉड म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो वल्ह्याच्या पायांचा. १७७० साली ट्रॉन्डहाइमचे बिशप योहान एर्न्स्ट गुन्नेरुस यांनी त्याचं वर्णन लिहिलं आणि नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या फिनमार्क प्रांतावरून त्याला नाव दिलं. कुळाचं नाव त्यांनी मोनोक्युलस असं लिहिलं होतं, म्हणजे एकाक्ष. ते पुढे बदललं, फिनमार्क मात्र टिकून राहिलं. नॉर्वेची सामान्य माणसं त्याला राउडोते म्हणतात. अर्थ लाल चारा. लाखोंनी एकत्र आले की त्यांच्या अंगातल्या रंगद्रव्याने पाणी तांबूस दिसतं. लोफोटेन बेटांजवळचे असे थवे उपग्रहांच्या चित्रांतही ओळखता आले आहेत.

चारा हे नाव त्याला दुसऱ्यांनी खावं या नात्याने मिळालं. हेरिंग मासा त्याला खातो म्हणून तो चारा. तो स्वतः काय खातो, कसं खातो, कधी खातो आणि कधी खात नाही, याकडे आज मन लावायचं आहे.

नॉर्वेच्या पश्चिमेचा समुद्र डोळ्यांसमोर आणा. एप्रिल संपत आला आहे. पाणी पाच-सहा अंश सेल्सिअस, म्हणजे फ्रिजमधल्या पाण्याइतकं थंड. हिवाळाभर वादळांनी हे पाणी खालीवर घुसळलं. खोलवरचे क्षार वर आले, पण उजेड नव्हता. आता दिवस भराभर मोठे होत आहेत. वरचं पाणी किंचित कोमट होऊन स्थिर होऊ लागलं आहे, आणि त्या उजेडात वनस्पतिप्लवकांना बहर आला आहे. प्लवक म्हणजे प्रवाहापुढे ज्यांचं चालत नाही ते सगळे. या बहरात डायाटम सगळ्यात पुढे. मराठीत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात, आणि हे नाव मला फार आवडतं. देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा आठवा. खाली डबी, वर तिच्यावर चपखल बसणारं झाकण. डायाटमची एकेक पेशी तशीच असते, फक्त तिचा करंडा सिलिकाचा म्हणजे काचेचा, आणि इतका लहान की शेकड्याने एका रांगेत ठेवले तर तिळाच्या लांबीत मावतील. केटोसेरॉस आणि थॅलॅसिओसायरा ही या पाण्यातली नेहमीची नावं. काही करंडे सुटे तरंगतात, काहींच्या माळा होतात.

आता तुमचा पारदर्शक तीळ या पाण्यात सोडा.

सगळ्यात आधी पाण्याबद्दलची आपली समजूत बदलावी लागेल. पाणी आपल्याला पातळ वाटतं, कारण आपण मोठे आहोत. हात मारला की पाणी बाजूला होतं, हात थांबवला तरी ते थोडा वेळ वाहत राहतं. लहानांच्या जगात तसं घडत नाही. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७६ साली एका व्याख्यानात हे फार सुंदर उलगडून सांगितलं होतं. अंग जितकं लहान आणि हालचाल जितकी सावकाश, तितका पाण्याचा चिकटपणा वरचढ ठरतो. हालचाल थांबली की तिथल्या तिथे सगळं थांबतं. कॅलेनसच्या तोंडापाशी जे केस आहेत, त्यांच्या लेखी हे थंड पाणी काकवीसारखं आहे.

डोळे मिटा. एका पसरट पातेल्यात काकवी आहे आणि तुमच्या हातात बारीक दातांची फणी आहे. काकवीत मोहरीचे थोडे दाणे पडले आहेत, ते फणीने उचलायचे आहेत. फणी पुढे सरकवली की काकवी दातांमधून निघून जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात ती दातांना धरून राहते. सगळी फणी एखाद्या फळीसारखी काकवी पुढे ढकलते, आणि तिच्यासोबत मोहरीचा दाणाही पुढे पुढे सरकतो. जवळ जावं तितका तो लांब पळतो. या अडचणीपाशी घटकाभर थांबा. कॅलेनसला प्रत्येक घासाला हीच अडचण असते.

बरीच वर्षं अशी समजूत होती की हे प्राणी गाळून खातात. तोंडापाशी केसांची चाळणी आहे, पाणी तिच्यातून जातं, कण अडकतात, प्राणी ते गिळतो. पाठ्यपुस्तकांतही हेच होतं. समजूत सोयीची होती, कारण केसांमधलं अंतर मोजलं की खाण्याचा हिशेब मांडता येत असे. मग १९८०च्या सुमारास रूडी स्ट्रिकलर, मिमी कोल आणि त्यांच्या सोबतच्यांनी एका कोपेपॉडला बारीक केसाला चिकटवून जागच्या जागी धरलं आणि सेकंदाला शेकडो चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्याने त्याचं जेवण पाहिलं. तो प्राणी होता युकॅलेनस, उबदार पाण्यातला. पण तोंडाची घडण कॅलेनसच्याच जातकुळीतली. कोल आणि स्ट्रिकलर यांचा लेख १९८१ साली आला आणि चाळणी मोडली.

त्यांना काय दिसलं ते सावकाश मनात उभं करू.

तोंडापाशीचे बाहेरचे अवयव फडफडत असतात. त्यांच्यामुळे समोरचं पाणी एका संथ धारेने अंगाकडे ओढलं जातं. या धारेतून करंडे येतात आणि बाजूने निघून जातात, तो त्यांना धरत नाही. मग एखादा करंडा जवळ येतो, आणि तो येण्याच्या आधीच अवयवांची लय बदलते. फडफड एका बाजूला झुकते. धार किंचित वळते, आणि तो करंडा असलेला पाण्याचा एवढासा गोळा आतल्या दोन केसाळ हातांसमोर येतो. ते हात झटक्याने एकमेकांपासून दूर होतात. मधल्या जागेत तो गोळा ओढला जातो. मग हात मिटतात, आणि अडकलेलं पाणी केसांमधून हळूहळू दाबून बाहेर काढलं जातं. उरतो करंडा.

काकवीतला दाणा ढकलून मिळत नाही. ओंजळ उघडावी लागते, दाण्याभोवतीच्या काकवीसकट तो आत येऊ द्यावा लागतो, आणि मग ओंजळ मिटावी लागते. आपले दोन्ही हात समोर धरून हे एकदा करून पाहा. तळवे जवळ, झटकन दूर, पुन्हा सावकाश जवळ.

करंडा पोचण्याआधी त्याला कसं कळतं? वासाने. प्रत्येक जिवंत पेशीतून काहीबाही पाझरत असतं, आणि तिच्याभोवती वासाचं एक बारीक वलय तयार होतं. अंगाकडे येणारी धार सगळीकडे सारख्या वेगाची नसते. मध्ये ती वेगात, कडेला मंद. त्यामुळे ते गोल वलय ताणलं जातं, त्याची एक लांब जीभ पुढे निघते आणि पेशीच्या आधी केसांपर्यंत पोचते. या काकवीसारख्या पाण्यात काही विस्कटत नाही, म्हणून वासाची रेषा मोडत नाही. मघाशी जी अडचण होती, तीच इथे सोय झाली आहे. स्वयंपाकघरातून आत्ता फोडणीचा वास येत असेल तर तो नीट घ्या. भाजी ताटात यायला अजून अवकाश आहे, पण तुमच्या तोंडाला ती कळली आहे.

आणि कळलं म्हणजे खाल्लंच असंही नाही. १९७८ साली पुले आणि मार्सो या दोघा संशोधकांनी कोपेपॉडांना अगदी सूक्ष्म पोकळ गोळ्या खायला दिल्या होत्या. आकार सारखा, स्पर्श सारखा. काही गोळ्यांत शेवाळाचा अर्क होता, काहींत नव्हता. प्राण्यांनी अर्काच्या गोळ्या निवडल्या. त्याआधी १९३७ साली प्लिमथला एच. डब्ल्यू. हार्वी यांनी दाखवलं होतं की कॅलेनससमोर मोठे आणि लहान डायाटम एकत्र ठेवले तर तो मोठे जास्त उचलतो. तोंडापर्यंत आलेला कण चाचपून परत सोडून दिल्याचंही पुढे कॅमेऱ्याने टिपलं आहे. तीन मिलिमीटरचा जीव, मेंदू म्हणावा असं फारसं काही नाही, आणि पुढ्यात आलेल्या घासाला तो नकार देऊ शकतो. मला या नकारापाशी पुन्हा पुन्हा थांबावंसं वाटतं. आपल्याकडे जेवायला बसल्यावर ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायची रीत होती. भूक लागलेली असताना, अन्न समोर असताना, हात क्षणभर थांबवायचा. त्या क्षणात जे घडत असेल ते ज्याचं त्याला ठाऊक. कॅलेनसचा क्षण सेकंदाच्याही लहानशा भागाएवढा आहे, पण तो आहे.

आता करंडा तोंडात गेला. तो काचेचा आहे हे आठवा. डायाटमने हे कवच उगाच बांधलेलं नाही. आकाराच्या मानाने ते फार बळकट असतं. ते फोडायचं कशाने? १९५४ साली बेक्लेमिशेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने या गटाच्या प्राण्यांच्या अंगात सिलिका सापडल्याचं नोंदवलं. कोपेपॉडच्या जबड्याच्या दातांवर सिलिकाची टोपणं असतात. बाकीचं सगळं कवच कायटिनचं, आणि दाताचं टोक तेवढं काचेच्या जातीचं. पुढे असंही दिसलं की काहींच्या दातांखाली रबरासारख्या लवचीक पदार्थाची बैठक असते, म्हणजे कडक करंडा चावताना दात तडकत नाही. काचेचा करंडा काचेच्या दाताने फुटतो. जिभेने आपले दात एकदा चाचपा. तेही अंगातला सगळ्यात कठीण भाग आहेत.

त्याचं जेवण शाकाहारी आहे असं समजून मात्र बसू नका. बहर ओसरला की तो सिलिएट नावाचे एकपेशी प्राणी आवडीने खातो, पुष्कळदा डायाटम समोर असतानाही त्यांना पसंती देतो. दाटी झाली तर स्वतःच्याच जातीची अंडी आणि पिल्लंही त्या धारेतून तोंडात जातात. हे मनात आणताना थोडं जड जातं. ते जड वाटणं तसंच राहू द्या, पुसू नका.

रात्र पडली की तो वर येऊन खातो आणि दिवस उजाडताना खाली अंधारात जातो. वर उजेडात मासे असतात, त्यांना डोळे असतात. त्या एका लाल ठिपक्याचं काम हेच. उजेड वाढला, चला. उत्तरेकडे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तेव्हा ही ये-जा विस्कळीत होते आणि जो तो आपल्या भुकेप्रमाणे वर-खाली करतो.

इथे मला दोन माणसांची आठवण काढायची आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लाइडच्या खाडीत, कुम्ब्रे नावाच्या बेटावर मिलपोर्ट हे गाव आहे. तिथल्या सागरी संशोधन केंद्रात शीना मार्शल १९२२ साली रुजू झाल्या. पाठोपाठ रसायनशास्त्रज्ञ ए. पी. ऑर आले. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं, १९६२ साली ऑर वारले तोवर, या दोघांनी मिळून मुख्यतः एका प्राण्याकडे पाहिलं, तो म्हणजे कॅलेनस. मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरची मोहीम झाली, युद्धकाळात किनाऱ्यावरचं शेवाळ गोळा करून त्यापासून अगर बनवण्याचं काम झालं, आणि ते पुन्हा कॅलेनसकडे परतले. त्यांनी त्याला बाटल्यांत ठेवून निरनिराळं अन्न दिलं आणि तळाशी पडलेल्या विष्ठेच्या गोळ्या मोजल्या. किती गोळ्या, त्यावरून कळे की हे अन्न चाललं की नाही. उपाशी ठेवलेल्या माद्या अंडी घालणं थांबवतात आणि पुन्हा अन्न मिळालं की घालू लागतात, हे त्यांनी दाखवलं. पन्नाशीच्या दशकात त्यांनी किरणोत्सारी फॉस्फरसवर डायाटम वाढवले, ते कॅलेनसला खाऊ घातले आणि त्या खुणेचा माग काढत पाहिलं की घासातलं काय अंगी लागलं, काय अंड्यात उतरलं आणि काय बाहेर पडलं. १९५५ साली त्यांचं ‘द बायॉलॉजी ऑफ अ मरीन कोपेपॉड’ हे पुस्तक आलं. एका तिळाएवढ्या प्राण्यावर आख्खं पुस्तक. अशी निष्ठा मला फार मोठी वाटते. कुणाचं जेवण इतक्या वर्षांच्या चिकाटीने पाहणं हे प्रेमाशिवाय होत नाही.

त्या विष्ठेच्या गोळ्यांनाही सोडून पुढे जाऊ नये. प्रत्येक गोळी एका पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली असते, लांबट, घट्ट, करंड्यांच्या फुटक्या काचांनी भरलेली. सुटा डायाटम अगदी मंदपणे बुडतो. गोळी दिवसाला कित्येक मीटर, कधी शंभराहूनही अधिक मीटर खाली जाते. पुष्कळशा वाटेतच कुणीतरी खातं किंवा जिवाणू कुजवतात. ज्या उरतात त्या पृष्ठभागावरचा कार्बन खोल अंधारात नेऊन ठेवतात.

आता त्या तेलाच्या थेंबाकडे येऊ.

कोकणात पावसाळ्याआधी घरोघरी बेगमी होत असे. सुकी मासळी, लाकूडफाटा, पापड, मीठ. चार महिने बाहेर पडणं नको. कॅलेनसची बेगमी त्याच्या अंगातच असते. अंड्यातून निघाल्यावर तो बारा अवस्थांतून जातो, सहा पिल्लाच्या आणि सहा कोपेपॉडच्या, बारावी प्रौढाची. अकरावी अवस्था येईपर्यंत उन्हाळा चढलेला असतो आणि वसंतातला बहर सरलेला असतो. तोवर खाल्लेल्या करंड्यांचं त्याने तेल केलेलं असतं, अगदी नेमकं म्हणायचं तर मेणासारखं एक स्निग्ध द्रव्य. भरलेल्या कॅलेनसच्या कोरड्या वजनात निम्म्याहून जास्त हेच. अंगाचा पारदर्शक डबा आणि त्यात काठोकाठ तेल.

मग तो खाली निघतो. जुलै-ऑगस्टमध्ये वर अजून उजेड आहे, थोडंफार अन्नही आहे, तरी तो निघतो. पाचशे मीटर, हजार मीटर, कधी त्याहूनही खोल. तिथे पाणी शून्य अंशाच्या आसपास. उजेड नाही, बहर नाही, मासेही कमी. तिथे पोचल्यावर तो खाणं बंद करतो. आतडं रिकामं होतं, त्याचं अस्तरही झिजून पातळ होतं. मिशा पसरून तो जवळजवळ निश्चल लटकत राहतो. सहा महिने, कधी त्याहून जास्त.

इथे आपल्याला सगळ्यात जास्त वेळ बसायचं आहे. घाई करू नका. श्वास मुद्दाम बदलायची गरज नाही. तुमच्या पोटातली भूक आता थोडी स्पष्ट झाली असेल, तिच्याकडे लक्ष द्या. आपली भूक हाक मारणारी आहे. हजार मीटरवरच्या त्या जिवाची भूक निजलेली आहे. वर वादळं होतात, बर्फ पडतो, सूर्य कित्येक आठवडे उगवत नाही. खाली काहीच बदलत नाही. तेलाचा थेंब अगदी सावकाश लहान होत जातो. एकेक दिवस तो एप्रिलमध्ये खाल्लेल्या घासांवर जगतो आहे. ज्या करंड्याला त्याने मघाशी ओंजळीत घेतलं होतं, तो आज जानेवारीत त्याला पुरतो आहे. वरचं अन्न असं खाली नेऊन महिनोन्‌महिने जाळणं, आणि त्यातल्या पुष्कळांचं तिथेच मरणं, यामुळे उत्तर अटलांटिकमध्ये खोलवर जाणारा कार्बन हा वरून बुडणाऱ्या गाळातून जाणाऱ्या कार्बनच्या तोडीचा ठरतो, असं २०१५ साली एका अभ्यासाने मांडलं. थंडीतला हा उपास समुद्राच्या हिशेबात इतका मोठा आहे.

हिवाळा सरताना, वर अजून थंडी असतानाच, तो शेवटची कात टाकतो, प्रौढ होतो आणि वर येऊ लागतो. नर बहुतेक खात नाहीत आणि फार दिवस जगत नाहीत. माद्या वर येऊन खातात, आणि खाल्ल्यावर अंडी घालतात.

त्यांना खाणाऱ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. हेरिंग आहे, कॉड माशाची पिल्लं आहेत, राइट व्हेल आणि बोहेड व्हेल आहेत. लिट्ल ऑक नावाचा मुठीएवढा समुद्रपक्षी पूर्व ग्रीनलंडमध्ये दिवसाला सुमारे ६०,००० कोपेपॉड टिपतो, असा हिशेब मांडला गेला आहे. तो गळ्याच्या पिशवीत ते भरून कड्यावरच्या पिल्लाला नेतो. आणि २०१९पासून नॉर्वेने माणसांनाही कॅलेनसची व्यापारी पकड करायला परवानगी दिली आहे. त्या थेंबातलं तेल कॅप्सूलमध्ये भरून विकलं जातं. पकड आजवर मंजूर मर्यादेच्या खूप आत राहिली आहे, हे खरं. तरी ज्या बेगमीवर एवढ्या जिवांचा हिवाळा उभा आहे, तिच्यात आपणही हात घालावा हे मला पटत नाही.

आणखी उत्तरेला चला. स्वालबार्ड, अक्षांश एकोणऐंशीच्या आसपास. इथे न्यू-ओलेसुंड गावात २००८पासून भारताचं हिमाद्री हे केंद्र आहे. गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ते चालवतं. समोरच्या कोंग्सफ्योर्डनच्या पाण्यात जुलै २०१४मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी इंडआर्क ही वेधयंत्रणा सोडली. पाण्याचं तापमान, क्षारता, प्रवाह यांची नोंद ती ठेवत आली आहे. या खाडीत अटलांटिकचं कोमटसर पाणी आणि ध्रुवाकडचं थंड पाणी एकत्र येतं, आणि त्यासोबत दोन कॅलेनसही. एक आपला फिनमार्किकस, दुसरा त्याहून थोडा मोठा, जास्त तेलाचा, थंडीतला ग्लेशियालिस.

ग्लेशियालिसचं जेवण दोन पंगतींचं आहे. पहिली पंगत बर्फाच्या खालच्या पाठीवर. समुद्रावर गोठलेल्या बर्फातून झिरपणाऱ्या पुसट उजेडात तिथे शेवाळ वाढतं, आणि मादी बर्फाच्या खालून ते खाते. त्यावर अंडी होतात. दुसरी पंगत बर्फ फुटल्यानंतर मोकळ्या पाण्यातली, ती पिल्लांची. २००७ साली स्वालबार्डच्या उत्तरेकडच्या रिप्फ्योर्डनमध्ये संशोधकांनी हे जवळून पाहिलं. बर्फाखालचं शेवाळ एप्रिलच्या अखेरीस बहरलं, पाण्यातलं जुलैच्या सुरुवातीला. मधे दोनेक महिने. या अवधीत अंडी घालून होतात, उबतात, आणि पिल्लं खाण्याच्या वयाला येतात तोच त्यांचं ताट वाढलेलं असतं.

पाणी तापलं, बर्फ लवकर फुटला, तर हा अवधी आखडतो. पिल्लू खायच्या वयाला येतं तेव्हा पंगत उठून गेलेली असते. उत्तर समुद्रात अशा प्रकारचा फेरबदल आधीच झाला आहे. ॲलिस्टर हार्डी यांनी बनवलेलं प्लवक टिपायचं यंत्र १९३०च्या दशकापासून मालवाहू जहाजांमागे ओढलं जातं. त्याच्या रेशमी पट्टीवर अडकलेले जीव मोजून कळलं की तिथे फिनमार्किकस खूप घटला आणि कोमट पाण्यातला हेल्गोलँडिकस त्याच्या जागी आला. तोही कॅलेनसच, दिसायला जवळजवळ तसाच. पण त्याचा भर वसंतात नसतो, उन्हाळा संपताना असतो. कॉडची पिल्लं वसंतात तोंड उघडतात.

हे ऐकून मन कुठेतरी पळू पाहील, उपाय शोधू लागेल. त्याला हळूच परत आणा. आपल्याला अजून एक गोष्ट पाहायची आहे, आणि ती फार लहान आहे.

एप्रिल. फिनमार्किकसच्या मादीने अंडं पाण्यात सोडलं आहे. मिलिमीटरचा सातवा भाग, एवढं. दोन-तीन दिवसांत त्यातून पिल्लू बाहेर येतं. अजून त्याचा आकार आईसारखा नाही. तीन जोड्या पाय, एक डोळा, एवढंच. ते पोहतं, पण खात नाही. आईने अंड्यात ठेवलेल्या शिदोरीवर राहतं. कात टाकतं, दुसरी अवस्था येते, तरीही खात नाही. भोवती करंडे तरंगत आहेत, त्यांच्या वासाच्या रेषा पाण्यात पसरल्या आहेत. पुन्हा कात टाकतं. या तिसऱ्या अवस्थेत ते पहिल्यांदा खातं.

तुमचा तीळ अजून तळहातावर आहे. तो तोंडात टाका, सावकाश चावा, आणि मग ताट वाढून घ्या.